मळसूत्राचा हट्ट

मोटारीच्या दाराची काच खाली उतरत नाही म्हणून दाराची आतली पाटी काढायला घ्यावी. आठ स्क्रू मोजावेत. सात स्क्रू बिनतक्रार बाहेर यावेत आणि आठव्याने मात्र जागा सोडू नये! गाडी स्वतः दुरुस्त करू पाहणाऱ्याला हा प्रसंग चुकत नाही. मग आपण दात-ओठ खाऊन जोर लावतो, स्क्रूड्रायव्हर घसरतो, स्क्रूच्या डोक्याची खाच पार झिजून जाते, आणि दहा मिनिटांचे काम दोन दिवसांवर जाते.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा स्क्रूसाठी भाषण कशाला? कारण असे की हा एवढासा स्क्रू आपल्या घरात, शेतात आणि गाडीत जिकडेतिकडे बसलेला आहे. पण तो आला कोठून आणि अडतो कशाने, हे आपण कधी विचारीत नाही. किन्हवलीसारख्या गावी, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात, भाताची पोती आणि भाजीच्या पाट्या वाहणारी जुनी जीप, जुनी व्हॅन किंवा घरची लहान मोटार ही चैन नव्हे. तो संसाराचा भाग आहे. ती लहानसहान कामासाठी दरवेळी कल्याणला न्यायची, की आपल्या अंगणात उघडायची, हा प्रश्न पैशाचा आहे आणि हिमतीचाही. वस्तू खरी आपली कोणती? जी आपल्याला उघडता येते आणि पुन्हा नीट बंद करता येते ती. म्हणून आज या हट्टी मळसूत्राची कुळकथा सांगतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या जुन्या कारागिरीत जोड नव्हते असे मुळीच नाही. नांगराला पाचर होती, दाराला खुंटी होती, मोटेला दोर होता, बैलगाडीच्या चाकाला आखाची खीळ होती. सुताराने लाकडाला कूस पाडावी, दुसऱ्या लाकडाला जीभ काढावी आणि दोन्ही एकमेकांत बसवून पाचर ठोकावी. पाऊस आला की लाकूड फुगते आणि जोड आणखी घट्ट होतो. या जोडाला लोखंडाची गरजच नव्हती. आणि लोखंड लागलेच, तर खिळा होता. खिळा ठोकायला सोपा, पण काढताना तो लाकूड फाडतो किंवा स्वतः वाकतो.

मळसूत्राची चाल आपल्या देशाला अपरिचित होती, असेही नाही. कापसाची सरकी काढण्याच्या जुन्या लाकडी चरखीत दोन लाटांमधून कापूस ओढला जातो. त्या लाटांच्या टोकांवर लाकडातच मळसूत्री दाते कोरलेले असत; एक लाट फिरली की दुसरी तिच्या उलट दिशेने फिरे. उसाच्या जुन्या लाकडी चरकातही हीच युक्ती दिसते. म्हणजे मळसूत्राने फिरवायचे, हे आपल्या सुताराला ठाऊक होते. परंतु मळसूत्राने दोन वस्तू एकमेकींना जोडायच्या, ही गोष्ट आपल्याकडे फार उशिरा आली.

युरोपातही मळसूत्र आधी दाबण्याच्या आणि उचलण्याच्या कामी लागले. द्राक्षांचा आणि ऑलिव्हचा रस काढणारे घाणे मळसूत्राने दाबले जात. पंधराव्या शतकाच्या मध्याला जर्मनीत गुटेनबर्गने छपाईचे यंत्र उभे केले, तेही मळसूत्राने दाब देणारेच. त्याच जातीचा लाकडी छापखाना १५५६ साली गोव्यात उतरला. आपल्या देशातील हा पहिला छापखाना. शाळेत पुस्तक हाती घेणाऱ्या प्रत्येक मुलावर मळसूत्राचे असे जुने ऋण आहे, हे गुरुजनांनी मुलांना जरूर सांगावे.

जोडण्याचा धातूचा स्क्रू युरोपात पंधराव्या शतकापासून दिसू लागतो. चिलखतात, पुढे बंदुकांत आणि घड्याळांत. आपल्याकडे मात्र सतराव्या शतकातही तो रुळला नव्हता. त्या काळच्या कारागिरांची एक गमतीची युक्ती इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे. खिळ्यावर आटे कापण्याचे साधन हाताशी नव्हते, तेव्हा आपले कारागीर खिळ्याभोवती बारीक तार गुंडाळीत आणि ती डाख देऊन चिकटवीत. झाला स्क्रू! दिसायला आटे, पण कापलेले नव्हेत, चिकटवलेले. या युक्तीला हसू नका. नुसती वस्तू पाहून तिचे मर्म ओळखणारा डोळा त्यामागे आहे. कमी होते ते हत्यार.

आणि हत्यार युरोपातही सहजासहजी मिळाले नाही, बरे का. कित्येक पिढ्या तिकडचा लोहारसुद्धा कानशीने घासून एकेक आटा पाडीत असे. एका स्क्रूसारखा दुसरा स्क्रू नसे. १७६० साली इंग्लंडात जॉब आणि विल्यम वायट या भावांनी लाकडात बसवायचे स्क्रू यंत्रावर कापण्याचे पेटंट घेतले. पुढे जेसी रॅम्सडेन आणि त्यानंतर, १८०० च्या सुमारास, हेन्री मॉडस्ले यांनी आटे कापणारे लेथ इतके अचूक केले की एकासारखा दुसरा स्क्रू निघू लागला. आज वर्कशॉपात टर्नर ज्या लेथवर काम करतो, त्याच्या घराण्याचा हा मूळपुरुष.

तरी एक मोठी अडचण उरलीच. प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे! एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेना. मॉडस्लेच्याच वर्कशॉपात हात तयार झालेला जोसेफ व्हिटवर्थ याने निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, ते मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली सर्वांपुढे एक माप ठेवले. आट्याचा कोन पंचावन्न अंशांचा, आणि अमुक जाडीच्या बोल्टला इंचामागे अमुक आटे. ही कल्पना दिसते साधी; पण एका गावचा नट दुसऱ्या गावच्या बोल्टला बसू लागला तो या करारामुळे. अमेरिकेत मात्र १८६४ साली विल्यम सेलर्सने आपले वेगळे माप मांडले. त्याचा कोन साठ अंशांचा. अर्ध्या इंचाचा बोल्ट घ्या. व्हिटवर्थच्या मापाने त्याला इंचामागे बारा आटे, अमेरिकन मापाने तेरा. हे बारा आणि तेरा नीट लक्षात ठेवा; पुढे आपल्या जीपमध्ये आणि आपल्या पान्यात यांचीच भांडणे लागणार आहेत.

आता हा नट-बोल्ट आपल्या भागात कसा शिरला ते पाहू. तो आगगाडीतून आला. १८५३ साली मुंबई ते ठाणे गाडी सुरू झाली. १८५४ साली ती कल्याणला पोचली, १८५५ साली वासिंदला, १८६१ साली कसाऱ्याला. आणि थळ घाट फोडून १८६५ साली ती इगतपुरीला गेली. म्हणजे शहापूर तालुक्यातून हा लोखंडी रस्ता दीडशेहून अधिक वर्षे जातो आहे. रुळाला रूळ जोडायचा तो दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून, आरपार बोल्ट घालून आणि नट आवळून. रुळांवरून चालत जाऊन ढिला नट शोधायचा आणि तो लांब दांड्याच्या पान्याने आवळायचा, हे रेल्वेच्या गँगमनचे रोजचे काम. आमच्या भागातील कित्येक हातांनी पाना प्रथम धरला तो रुळावर.

त्यानंतर आले पाणी. मुंबईला पाणी देणारे तानसा धरण शहापूर तालुक्यात १८९२ साली पुरे झाले. मोठ्या नळावरची झडप कशी उघडते, ते पाहिले आहे का? दांड्याला मळसूत्र कापलेले असते. वरचे चाक फिरवले की दांडा फिरतो आणि आतला लोखंडी पडदा इंचाइंचाने वर सरकतो. नळातल्या पाण्याच्या एवढ्या दाबापुढे एकदोन माणसांचे हात पुरे पडतात, ते या मळसूत्राच्या बळावर.

हे झाले सरकारचे आणि कंपनीचे लोखंड. शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात नट-बोल्ट दिला तो महाराष्ट्रात मुख्यतः किर्लोस्करांनी. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले. सायकल म्हणजे नट-बोल्टांची शाळाच की! तिच्या डाव्या पायट्याला उलटे आटे असतात, हे ज्याने एकदा ध्यानात घेतले तो पुढे कोणताही नट डोळे मिटून ओढीत नाही. नंतर त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासेल, विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना भीती होती. पहिले नांगर खपायला वेळ लागला. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर सगळा नांगर टाकावा लागत नाही. बोल्ट सोडायचा, फाळ बदलायचा, बोल्ट आवळायचा. झिजलेला भाग तेवढा बदलावा आणि बाकीचे ठेवावे, ही शिकवण स्क्रूने आपल्या शेतीला दिली. ती पाचरीच्या नांगरातही होतीच. पण येथे भाग कारखान्यात तयार होतो आणि तोच भाग दुसऱ्या गावीही बसतो.

मग आली मोटार. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली. जीप अमेरिकन, तिचे आटे अमेरिकन इंची मापाचे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीने पुढे कुर्ल्याला फियाट बांधली. फियाट इटालियन, तिची मापे मिलिमीटरची. याखेरीज इंग्रजी वळणाच्या गाड्या होत्या, पाण्याचे जुने पंप होते, डिझेल इंजिने होती. त्यांत कोठे कोठे व्हिटवर्थ अजून जिवंत होता. दुसऱ्या महायुद्धात तर इंग्रज आणि अमेरिकन फौजांनाच एकमेकांचे सुटे भाग बसेनात. तेव्हा १९४८ साली अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा या तीन देशांनी मिळून इंची आट्यांचे एक माप ठरवले. आपल्या देशाने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला, १९५७ साली नवे पैसे आले आणि हळूहळू कारखानेही मिलिमीटरवर आले.

परंतु कायदा बदलला म्हणून जुन्या गाडीतला बोल्ट थोडाच बदलतो? अर्ध्या इंचाचे डोके म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ मिलिमीटरचा पाना बसतो खरा, पण ०.३ मिलिमीटर सैल बसतो. बोल्ट हलका असेल तर निभावते. बोल्ट जाम असेल तर तेवढी सैल जागा पुरते. पाना डोक्याचे सहा कोपरे खातो आणि षटकोनी डोके गोल होऊन बसते. मग आपण म्हणतो, ‘बोल्ट फार हट्टी होता.’ बोल्टचा हट्ट नव्हे तो. दोन देशांचे न जुळलेले माप आहे ते.

अशीच गोष्ट फुलीच्या स्क्रूची. मोटारीच्या आत, दाराच्या पाटीवर, डॅशबोर्डखाली, दिव्याच्या खोबणीत, बहुधा फुलीचे स्क्रू असतात. सपाट खाचेच्या स्क्रूवरून हत्यार बाजूला घसरते, यंत्राने भराभर बसवायला तो सोयीचा नाही. म्हणून अमेरिकेत हेन्री फिलिप्स याने फुलीची खाच पुढे आणली आणि १९३६ साली जनरल मोटर्सने ती कॅडिलॅक गाडीत वापरली. या फिलिप्स खाचेच्या भिंती उतरत्या असतात. जोर फार झाला की हत्यार आपोआप वर सरकून बाहेर येते. स्क्रू बसवताना हे चालते. काढताना मात्र तेच आपल्या मुळावर येते.

पुढे १९८३ च्या डिसेंबरात जपानच्या सुझुकीच्या साहाय्याने बनलेली मारुती ८०० रस्त्यावर आली, आणि त्यानंतर जपानी घराण्याच्या गाड्या गावोगावी झाल्या. जपानी फुली फिलिप्ससारखीच दिसते, पण तिची खोली आणि कडेचा उतार थोडा निराळा. फिलिप्सचे टोक तिच्यात तळापर्यंत जात नाही, वरच्या वर लटकते. परिणाम तोच, खाच झिजणे. काही जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक लहानसा ठिपका असतो, ती ओळख. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर वेगळा मिळतो. जुनी मारुती किंवा जपानी मोटारसायकल ज्याच्या दारी आहे त्याने एक घेऊन ठेवावा. १९६७ साली सहा पाकळ्यांची टॉर्क्स खाच निघाली. सीटच्या आणि पट्ट्याच्या बोल्टांना ती पुष्कळदा दिसते. तिच्या भिंती सरळ असल्याने हत्यार घसरत नाही. मात्र माप अचूक हवे, एक नंबर लहान घालून भागत नाही.

आता स्क्रू जाम का होतो ते पाहू, म्हणजे उपाय आपोआप सुचेल. पहिले कारण घर्षण. स्क्रू आवळताना आपण जो जोर लावतो, त्यातला सुमारे नऊ-दशांश घर्षणात जातो. ढोबळ मानाने निम्मा डोक्याच्या खाली आणि उरलेला आट्यांत. प्रत्यक्ष आवळण्याच्या कामी येतो तो एक-दशांश. म्हणजे स्क्रूला धरून ठेवते ते घर्षणच. तेच नसते तर खडबडीत रस्त्यावर सारे स्क्रू आपोआप निघून पडले असते.

दुसरे कारण गंज. आमच्या ठाणे जिल्ह्यातला पावसाळा तुम्हांला सांगायला नको. चिखलाचे पाय गाडीत येतात, ओली पोती येतात, दारातून पाणी झिरपते, आणि पायाखालचा गालिचा दिवाळीपर्यंत आतून ओलाच राहतो. लोखंड गंजले की त्याचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. आट्यांच्या फटीत जागा कोठे असते? तेथे हा गंज पाचरीसारखा फुगून बसतो. आपल्या सुताराची फुगणारी पाचर आठवा. तीच क्रिया, पण आता नको तेथे.

तिसरे कारण दोन धातूंचा शेजार. ॲल्युमिनियमच्या भागात लोखंडी स्क्रू असेल आणि तेथे ओल पोचली, तर ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. चौथे कारण माणसाने मुद्दाम लावलेले. १९५३ साली व्हर्नन क्रीबल या अमेरिकन रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने असा द्रव शोधला की जो हवेत पातळ राहतो, पण धातूंच्या बंद फटीत हवा तुटली की घट्ट होतो. गाडीच्या काही बोल्टांना कारखान्यातच असा चिकट लेप दिलेला असतो. आणि पाचवे कारण, पूर्वी कोणीतरी चुकीच्या हत्याराने खाच बिघडवून ठेवलेली असते.

तेव्हा हट्टी स्क्रू समोर आला की जोर सर्वांत शेवटी. आधी खाच साफ करा. रंग, माती, जुने ग्रीस टोच्याने कोरून काढा. हत्यार तळापर्यंत गेले पाहिजे. मग योग्य मापाचे टोक निवडा. टोक खाचेत घालून हलवून पाहा; डुलले की ते माप नव्हे. मूठ जाड आणि दांडा आखूड असेल तर जोर सरळ जातो. आता लक्षात ठेवा, फुलीच्या स्क्रूवर फिरवण्यापेक्षा दाबायला जास्त जोर हवा. तीन हिस्से दाबा, एक हिस्सा फिरवा.

तरी न हलला तर गंज सोडवणारे पातळ तेल डोक्याच्या कडेला थेंबभर सोडा. फवाऱ्याच्या डब्यात ते बाजारात मिळते. पूर्वी लोक रॉकेल वापरीत. पण तेलाला वेळ द्या. पाच मिनिटांत चमत्कार होत नाही; संध्याकाळी घालून सकाळी पाहावे. खाली कापड धरावे, म्हणजे सीटला डाग पडत नाही. मग स्क्रूड्रायव्हर खाचेत उभा धरून मुठीवर हातोडीचे दोन-चार बेताचे ठोके द्यावेत. डोक्याखालची पकड आणि आट्यांतला गंज त्याने तडकतो. आणि एक जुनी युक्ती: सोडण्याआधी स्क्रू किंचित आवळून पाहा. गंज ज्या बाजूला बसला आहे त्याच्या उलट बाजूला तो एक केसभर हलला, तरी अर्धे काम झाले. मग थोडे मागे, थोडे पुढे, असे करीत सोडवावा.

स्क्रू धातूच्या भागात बसलेला असेल तर हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर कामाला येतो. या हत्याराच्या मागच्या टोकावर हातोडी मारली की टोक एकाच क्षणी आत दाबले जाते आणि फिरतेही. त्याच्या पोटात काय असते, ठाऊक आहे? तिरपी, मळसूत्री खाच. म्हणजे अडलेले मळसूत्र सोडवायला दुसरे मळसूत्रच धावून येते! प्लॅस्टिकच्या पाटीवर मात्र हे हत्यार चालवू नका, पाटी फुटेल.

उष्णतेचाही उपाय आहे. लोखंड तापले की फुगते, निवले की आकसते, आणि या हालचालीत गंजाची व लेपाची पकड सुटते. गाडीच्या आत ज्योत कधीही नेऊ नका. फोम, कापड, प्लॅस्टिक आणि नुकतेच फवारलेले तेल, सारे पेट घेणारे आहे. तेल नीट पुसून, दारे उघडी ठेवून, सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवावे, एवढे पुष्कळ होते.

खाच झिजलीच असेल तर तिच्यात व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट किंचित लावा, किंवा रबराची रुंद पट्टी मध्ये ठेवून पाहा. हत्याराला पकड मिळते. डोके वर आलेले असेल तर लॉक होणाऱ्या पकडीने ते बाहेरून धरून फिरवा. डोक्यावर बारीक करवतीने नवी सपाट खाच पाडता येते. तेही जमले नाही तर ड्रिल. मध्यभागी पंचाने खूण करून आधी बारीक, मग मोठे, असे भोक पाडावे. डोके सुटले की पाटी निघते आणि उरलेला दांडा पकडीने निघतो. डोळ्यांवर चष्मा मात्र हवा. आणि नवा स्क्रू बसवताना त्याच मापाचा घ्या, आधी नुसत्या बोटांनी दोन-तीन आटे चढवा, आणि धातूत बसणारा असेल तर आट्यांना ग्रीसचे बोट लावा. पुढच्या वेळी जो कोणी तो उघडील, तो तुम्हांला दुवा देईल.

आता एक इशारा, आणि तो मनापासून ऐका. आपल्या देशात जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकापुढे हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, सक्तीची झाली, आणि २०२१ मध्ये शेजारच्या जागेलाही. ही पिशवी स्फोटक पुडीने फुगते. पुष्कळ गाड्यांत पट्टा ताणणाऱ्या यंत्रातही अशीच पुडी असते. तिच्या तारांची जोडणी बहुधा पिवळी असते. पिवळा रंग दिसला की हात मागे घ्या. स्टिअरिंग, सीट आणि पट्टे यांच्या आसपास हातोडी किंवा उष्णता वापरू नका. सीट काढायचीच असेल तर आधी बॅटरीची ऋण तार सोडवा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तितका वेळ थांबा. पट्ट्याचा बोल्ट तर जाणकार फिटरकडूनच सोडवून, ठरल्या मापाने आवळून घ्या. अपघातात सारे शरीर त्या एका बोल्टवर लटकते. दाराची पाटी ही आपल्या अंगणातली गोष्ट, पट्टा नव्हे. ही मर्यादा ओळखणे हाही कारागिरीचाच भाग आहे.

शाळांतील गुरुजनांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. कागदाचा काटकोन त्रिकोण कापा आणि त्याची उभी बाजू पेन्सिलीला लावून तो गुंडाळा. तिरपी बाजू पेन्सिलीभोवती आट्यांसारखी चढत गेलेली मुलांना दिसेल. म्हणजे स्क्रू हा काही जादूचा पदार्थ नव्हे. तो गुंडाळलेला उतार आहे, घाटाचा रस्ता डोंगराभोवती फिरावा तसा. मग गणित घाला. ६ मिलिमीटरच्या नेहमीच्या स्क्रूचे आटे एकमेकांपासून १ मिलिमीटर अंतरावर असतात. स्क्रूड्रायव्हरची मूठ ३ सेंटिमीटर जाड. एका फेऱ्यात हात किती चालला? सुमारे ९४ मिलिमीटर. स्क्रू किती सरकला? १ मिलिमीटर. आता मुलांनाच विचारा, जोर कितीपट झाला, आणि त्यातला घर्षणाने किती खाल्ला. एका स्क्रूवर भूमिती, गणित, विज्ञान आणि इतिहास, चार तास निघतील. शिवाय पेन्सिल आणि कागद याहून अधिक खर्च नाही.

मंडळी, मुरबाडजवळ म्हशाच्या जत्रेत शेतकरी अवजार विकत घेताना ते हातात तोलतो, वाजवून पाहतो, जोड कोठे आहे ते चाचपतो. हीच नजर मोटारीकडेही वळवायला काय हरकत आहे? आज पुष्कळ वस्तू अशा निघतात की त्यांना स्क्रूच नसतो, किंवा असतो तो अशा खाचेचा की हत्यार बाजारात सहज मिळू नये. चिकटवलेली वस्तू उघडत नाही. ती मोडते आणि फेकावी लागते. त्या मानाने जाम झालेला स्क्रू पुष्कळ बरा. तो अडतो, पण उघडण्याची वाट त्याने बंद केलेली नसते. तेव्हा पुढच्या खेपेला आठवा स्क्रू अडला, तर हातोडी उचलण्याआधी त्याची विचारपूस करा. कोणत्या देशाच्या मापाचा आहेस? कोणत्या पावसाने गंजलास? तुझ्या खाचेला कोणते टोक बसते? एवढे कळले की संध्याकाळी तेल घाला, आणि सकाळी शांतपणे, नीट दाबून, घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवा.